डोळे मागणाऱ्या पद्मिनीबाई

सरकारी इस्पितळाच्या कागदोपत्री पद्मिनी निमकर डोळ्यांच्या विभागातल्या परिचारिका होत्या. पण चंदीगडमधली माणसं त्यांना 'आँखोंवाली सिस्टर' म्हणत. कुणाच्या घरी माणूस गेल्याचं कळलं की तासाभरात त्या तिथं पोचत, रडणाऱ्यांच्या शेजारी सतरंजीवर बसत आणि गेलेल्या माणसाचे डोळे मागत. १९८० साली इस्पितळात नेत्रपेढी सुरू झाली तेव्हा हे काम कुणालाच नको होतं. डॉक्टरांना बुबुळं बसवायची होती, ती मागायला कुणाच्या दारात जायचं नव्हतं. बैठकीत मागच्या खुर्चीवरून पद्मिनीबाई म्हणाल्या, "मी जाते." त्या वेळी त्या चाळीस वर्षांच्या होत्या, आणि आपल्याला लोकांशी बोलता येतं याची त्यांना पुरेपूर खात्री होती.

माहेर अकोल्याचं. वडील जिनिंग फॅक्टरीत फिटर. घरात देव्हारा होता. आई रोज त्याच्यापुढं बसे आणि वडील कधीच बसत नसत. ते आईला तोंडावर सांगत की, मला हे पटत नाही. आई म्हणे, नका पटवून घेऊ, फुलं तेवढी आणा. वडील फुलं आणत. पद्मिनीबाई वडिलांच्या वळणावर गेल्या. नागपूरला नर्सिंग केलं, हवाई दलातल्या रघुनाथ निमकरांशी लग्न झालं, आणि जोधपूर, तांबरम असं करत करत बिऱ्हाड चंदीगडला आलं. रघुनाथराव तिथूनच निवृत्त झाले आणि एका वैज्ञानिक उपकरणांच्या कार्यशाळेत लागले. बावीस सेक्टरमध्ये, बस अड्ड्यापासून चालत दहा मिनिटांवर, सरदार उजागर सिंगांच्या घराचा खालचा मजला त्यांनी भाड्यानं घेतला. मुलगी मंजिरी तिथंच वाढली. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. सासरे वारल्यावर सांगलीहून सासूबाईही आल्या. त्यांना सगळे माई म्हणत.

काम सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी पद्मिनीबाईंना एक धडा मिळाला. कापडाचा व्यापार करणाऱ्या एका म्हाताऱ्या लालाजींची बायको वारली होती. पद्मिनीबाई गेल्या, विनंती केली. लालाजींनी मान हलवली. या जन्मी डोळे काढून दिले तर पुढच्या जन्मी ती आंधळी जन्माला येईल, असं ते म्हणाले. हे उत्तर पद्मिनीबाईंनी तोवर अनेक घरांत ऐकलं होतं, आणि त्या दिवशी त्यांचा तोल गेला. शिकल्यासवरल्या माणसांनी असलं भाकड बोलावं याची लाज वाटायला हवी, असं त्या चारचौघांत बोलून गेल्या. लालाजींच्या मुलांनी त्यांना दाराबाहेर काढलं.

चौदाव्या दिवशी त्या पुन्हा त्या घरी गेल्या, एकट्याच. लालाजींनी चहा मागवला. पद्मिनीबाई म्हणाल्या की, माझं मत तेच आहे, पण ज्या तऱ्हेनं मी बोलले त्याची माफी मागायला आले आहे.  म्हातारा म्हणाला की, पोरी, तू पुढच्या जन्माच्या समजुतीला नावं ठेवत होतीस आणि मला डोळ्यांसमोर माझी बायको दिसत होती. पुढच्या जन्मी ती ठेचकाळत चालली आहे आणि तिचा हात धरायला मी नाही, एवढंच मला दिसत होतं. तू मला मूर्ख म्हणालीस. मी मूर्ख नव्हतो, घाबरलो होतो.

त्या दिवशी घरी येताना पद्मिनीबाई सतरा सेक्टरच्या चौकात एका बाकावर अर्धा तास बसून राहिल्या. मत बदलायचं कारण त्यांना काही सापडलं नाही. उलट ही समजूत त्यांना आणखी वाईट वाटू लागली, कारण वॉर्डात त्या रोज आंधळी माणसं बघत होत्या. 'मागल्या जन्मी कुणाचे तरी डोळे फोडले असतील मी,' असं शांतपणे सांगणारी माणसं. आंधळ्याला आधीच दिसत नाही, त्यात ही समजूत त्याला गुन्हेगारही ठरवते, हे त्यांना सहन होत नसे. पण समजुतीवरचा राग माणसावर काढायचा नाही, एवढं त्यांनी त्या बाकावर ठरवलं. त्यानंतर त्यांची पद्धत बदलली. गेल्यागेल्या त्या आधी बसत. समोरच्याला नेमकं काय वाटतं, ते त्यानं कुणाकडून ऐकलं, भीती कसली आहे, हे विचारत आणि ऐकत. आणि मग स्वतःला काय वाटतं ते सरळ सांगत. गुळमुळीत बोलणं त्यांना जमत नसे.

त्यांचे वरिष्ठ डॉक्टर भल्ला त्यांना एक सोपा मार्ग सुचवत. म्हणत, सिस्टर, दधीचि ऋषींनी देवांसाठी आपली हाडं दिली, ही गोष्ट सांगा, लोक लगेच तयार होतात. ते स्वतः सांगत आणि लोक खरंच तयार होत. पद्मिनीबाईंनी ते कधी केलं नाही. डॉक्टर भल्लांचा त्या गोष्टीवर विश्वास होता, तेव्हा त्यांनी सांगणं ठीक होतं. आपला नाही, तर आपण ती सांगणं म्हणजे समोरच्याला लहान मूल समजून फसवणं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणत, डोळे मिळाल्याशी कारण. पद्मिनीबाई म्हणत, मला उद्या पुन्हा त्याच गल्लीत जायचं असतं.

त्यांचा सगळ्यात जुना वाद मात्र घरातच होता, वरच्या मजल्यावरच्या उजागर सिंगांशी. त्यांना त्या दारजी म्हणत आणि ते त्यांना सिस्टरजी. दारजी रोडवेजच्या वर्कशॉपमधून हेड मिस्त्री म्हणून निवृत्त झालेले, उंचेपुरे, पहाटे गुरुद्वारात जाऊन आल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारे. थंडीत गच्चीवर खाट टाकून दोघं उन्हाला बसत, बीजी म्हणजे दारजींच्या पत्नी मटार सोलत, माई वाती वळत, आणि वाद चाले. दारजींचं म्हणणं असं, की देह जसा रबनं, म्हणजे देवानं, दिला तसाच त्याला परत द्यायचा. आम्ही केससुद्धा कापत नाही, डोळे कसे काढून देऊ. पद्मिनीबाई विचारत की, मग दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून घेतलात तोही रबनंच दिला होता ना. दारजी खदखदून हसत आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर शोधून आणत. पद्मिनीबाई सगळ्याच देवळांबद्दल बोलत. दगडविटांत देव राहत नाही, मग ते सांगलीचं गणपतीचं देऊळ असो की अमृतसरचं सुवर्णमंदिर, असं त्या माई आणि दारजी दोघांच्या तोंडावर म्हणत. माई कानावर हात ठेवत. दारजी म्हणत की, देव विटांत राहत नाही हे खरं, पण माणसाला कुठंतरी चप्पल काढायला जागा लागते. कधी कुणी जिंकलं नाही. बीजी जेवायला हाक मारत तेव्हा वाद थांबे.

मग चौऱ्याऐंशी साल उजाडलं. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षंही बरी नव्हती. बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या येत, संध्याकाळी दुकानं लवकर बंद होत. जूनच्या पहिल्या आठवड्यात शहरात संचारबंदी लागली. पंजाबच्या बातम्या येणं थांबलं. अमृतसरला दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, फौज शिरली आहे एवढं सगळ्यांना कळलं होतं, त्यापलीकडे काही नाही. वरच्या मजल्यावर रेडिओ सारखा चालू असे आणि स्टोव्हचा आवाज येत नसे. पद्मिनीबाई दोनदा वर जाऊन आल्या. दारजी भिंतीला टेकून बसलेले, डोळे रेडिओवर. पद्मिनीबाई बीजींच्या शेजारी नुसत्या बसल्या. विटांबद्दलचं आपलं वाक्य त्यांना आठवत होतं. ते त्यांना तेव्हाही खरंच वाटत होतं. पण त्या घरात त्या दिवशी ते तोंडातून काढणं म्हणजे पडलेल्या माणसाच्या छातीवर पाय देणं झालं असतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी रघुनाथराव आंघोळीहून आले, छाती दाबत पलंगावर बसले आणि आडवे झाले. पद्मिनीबाईंनी छाती दाबली, श्वास दिला, मंजिरी वर फोन करायला धावली. इस्पितळाची गाडी संचारबंदीतून यायला वीस मिनिटं लागली. त्याच्या आधीच सगळं संपलं होतं. रघुनाथराव एकोणपन्नास वर्षांचे होते.

पद्मिनीबाई काही वेळ त्यांचा हात धरून बसल्या. मग उठल्या. दुसऱ्यांच्या घरी त्या जे सांगत तेच त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं डोळे कोरडे पडतात. डोक्याखाली दोन उशा दिल्या. पापण्या मिटून वर ओल्या कापसाचे बोळे ठेवले. जूनचा उकाडा होता. मेलेल्या माणसाच्या वरचा पंखा बंद होताना बघून माईंनी आधी काही विचारलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं. सून हे काय काम करते ते त्यांना चार वर्षं माहीत होतं.

"काय करतेस?" माई म्हणाल्या. "माझ्या रघूचे डोळे देणार तू?"

रघुनाथरावांनी फॉर्म भरलेला होता. नेत्रपेढी सुरू झाली त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर बसून, पहिला माझा, असं म्हणत सही केली होती. पण आईला सांगायचं त्यांनी सतत पुढं ढकललं होतं. पद्मिनीबाई म्हणत की, सांगून टाका. ते म्हणत की, सांगतो, घाई काय आहे. आता ते सांगणं पद्मिनीबाईंच्या वाट्याला आलं. त्यांनी कपाटातून फॉर्म काढून माईंच्या हातात दिला. माईंनी मुलाची सही ओळखली. तिच्यावरून बोट फिरवलं आणि कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, त्याला काय कळतंय, तो तुझं ऐकतो.

वेळ जात होता. मंजिरीनं पुन्हा फोन करून कळवल्यावर डॉक्टर भल्ला स्वतःच आले होते, पेटी घेऊन. उकाड्यात चार तासांच्या आत डोळे काढायला हवे होते. कायद्यानं बायकोचा होकार पुरेसा होता आणि हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी पद्मिनीबाईंना बाजूला घेऊन तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या की, चार वर्षांत मी एकाही आईला डावलून डोळे आणलेले नाहीत. आज घरचे आहेत म्हणून आणणार नाही.

तेवढ्यात दारजी जिन्यावरून अनवाणी खाली आले. दोन दिवस ते माणसाच्या तोंडाकडे बघत नव्हते. दाढी विंचरलेली नव्हती, डोळे सुजलेले. ते रघुनाथरावांच्या पायाशी हात जोडून उभे राहिले आणि मग माईंच्या समोर जमिनीवर बसले. डॉक्टर भल्ला माईंजवळ वाकले आणि हळुवार आवाजात म्हणू लागले, "माताजी, अपने शास्त्रों में तो दधीचि ऋषि ने..."

"डॉक्टर, ते नको," पद्मिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टर थांबले. एक वाक्य पुरं झालं असतं तर माई कदाचित तयार झाल्या असत्या, हे पद्मिनीबाईंना त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसत होतं. ही गोष्ट माईंच्या पोथीतलीच होती. तरीही त्यांनी ती सांगू दिली नाही. त्या माईंच्या शेजारी बसल्या आणि नेहमी विचारत तेच विचारलं. माई, तुम्हाला भीती कसली वाटते?

माईंनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावात कोंडाई नावाची एक जन्मांध पोर होती. देवळाच्या पायरीवर बसायची. येता-जाता बायका म्हणायच्या, गेल्या जन्मीचं फेडते आहे. पोरं तिला खडे मारायची आणि तिला कुठून आला ते कळायचं नाही. माईंनीही एकदा, आठ वर्षांच्या असताना, मारला होता. रघू तसा पायरीवर बसलेला त्यांना दिसत होता.

मग त्यांनी सुनेकडे बघितलं. "तुला काय वाटतं ते सांग पद्मिनी. डॉक्टरांचं नको. शास्त्राचं नको. तुला काय वाटतं?"

"मला वाटत नाही पुढचा जन्म असतो, माई."

 मंजिरी दारात उभी होती.

"मग रघू कुठं गेला?"

पद्मिनीबाईंनी उत्तर टाळलं नाही. "कुठं नाही गेले. संपले. आपल्याजवळ जेवढे राहिले तेवढेच. आणि त्या कोंडाईनं कुणाचं काही केलं नव्हतं, माई. ती तशी जन्माला आली, एवढंच. तिला पापी म्हणणारी समजूत खोटी आहे. मला ती वाईटही वाटते. तुम्ही वाईट नाही. तुम्ही तिला आठ वर्षांच्या असताना खडा मारलात आणि साठ वर्षं विसरला नाहीत."

माई रडू लागल्या, सकाळपासून पहिल्यांदा. दारजींना मराठी येत नव्हती. पण पद्मिनीबाईंचा प्रत्येक वाद त्यांच्या ओळखीचा होता, आणि काय चाललंय ते त्यांना चेहऱ्यांवरून कळलं असावं. ते माईंना म्हणाले, "माताजी, मैं इसकी बात नहीं मानता. कभी नहीं मानी. लेकिन ये झूठ नहीं बोलती."  देऊन टाका असं ते म्हणाले नाहीत. तसं म्हटलं असतं तर ते त्यांच्यासाठी खोटं झालं असतं.

माईंनी पदरानं तोंड पुसलं. मुलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुला तसं वाटतं. मला तसं वाटत नाही."

"माहीत आहे."

"आणि दोघींचाही तो होता. मग एक तू घे. एक माझा राहू दे. तुझं खरं निघालं तर कुणाला तरी दिसेल. माझं खरं निघालं तर त्याला एकानं तरी दिसेल."

डॉक्टर भल्लांना आपण बरोबर ऐकलं का अशी शंका आली. पद्मिनीबाईंनी त्यांना हिंदीत सांगितलं. ते हलक्या आवाजात म्हणाले की, सिस्टर, दोन माणसं वाट बघताहेत वॉर्डात. त्या म्हणाल्या, एकच. डॉक्टरांनी मान डोलावली आणि विचारलं, कुठला. पद्मिनीबाईंनी माईंना विचारलं.

"डावा," माई म्हणाल्या. "उजवा त्याचा कामाचा. त्या डोळ्याला भिंग लावून तो बसायचा."

डावा डोळा काढला. बाकीचे बाहेर गेले होते, पद्मिनीबाई आत थांबल्या आणि नेहमीसारखी हत्यारं हातात देत राहिल्या. डॉक्टर म्हणाले की, तुम्ही नका थांबू. त्या म्हणाल्या की, बाकी घरांत मी थांबते. पापणी पुन्हा मिटल्यावर दोन्ही डोळे सारखेच दिसत होते. माई आत आल्या आणि त्यांनी उजव्या पापणीवर हात ठेवला.

संचारबंदीत अंत्ययात्रेला मोजक्याच माणसांना परवानगी मिळाली. शेजारच्या घरातले दोघं, कार्यशाळेतला एक सहकारी आणि दारजी. पंचवीस सेक्टरच्या स्मशानाकडे जाताना वाटेत जवानांनी गाडी थांबवली. पगडी दिसल्यावर त्यांनी दारजींना खाली उतरायला सांगितलं. पद्मिनीबाईही गाडीत होत्या. त्या उतरल्या आणि जवानाला म्हणाल्या की, आत जो आहे त्यानं वीस वर्षं हवाई दलात काढली आणि हा त्याचा मोठा भाऊ आहे. उतरवायचं तर सगळ्यांना उतरवा, आम्ही इथून चालत जातो. त्या विनवणी करत नव्हत्या, मोठ्यानंही बोलत नव्हत्या. जवान पोरगेलासा होता. त्यानं परवाना पुन्हा वाचला आणि गाडी सोडली. 

ते बुबुळ वॉर्डातल्या एका बाईला बसवलं. ती संचारबंदीमुळे गावी जाऊ शकली नव्हती, म्हणून हाताशी होती. कुणाचं कुणाला बसवलं हे सांगायचं नाही असा नियम होता आणि पद्मिनीबाईंनी घरातही तो पाळला. माईंनी सव्वा महिन्यानंतर एकदाच विचारलं, "दिसतं का?" पद्मिनीबाई म्हणाल्या, "दिसतं." माईंनी पुढं काही विचारलं नाही. देवापुढं त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. काय मागितलं ते पद्मिनीबाईंनी विचारलं नाही.

वर्ष फार वाईट सरलं. नोव्हेंबरात दिल्लीहून जे ऐकू येत होतं त्यानं बीजींनी हाय खाल्ली. त्यांच्या माहेरचं दिल्लीतलं दुकान जळालं होतं. त्या दिवसांत पद्मिनीबाई रोज वर जात, औषधं देत, बीजींचा रक्तदाब बघत, दारजींशी हवापाण्याचं बोलत. वाद त्यांनी अजिबात काढला नाही. दारजींनी सकाळी अमृतसरचं नाव घेतलं की त्या मान हलवून ऐकून घेत. आपण समजूतदारपणे वागतो आहोत असं त्यांना वाटत होतं.

जानेवारीत एका दुपारी गच्चीवर ऊन आलं. खाट पुन्हा बाहेर निघाली. दारजी काहीतरी सांगत होते, देह जसा मिळाला तसाच परत देण्याबद्दलचं, आणि पद्मिनीबाई नेहमीसारख्या नुसत्या ऐकत होत्या. दारजी मध्येच थांबले.

"सिस्टरजी, बहस क्यों नहीं करती हो?"

त्या म्हणाल्या, असंच.

दारजींना ते उत्तर चाललं नाही. ते बोलले ते पद्मिनीबाईंनी पुढं अनेकदा सांगितलं. ते म्हणाले की, सात महिने बघतो आहे. पोलीस माझ्याशी सांभाळून बोलतो, कारण त्याला माझी भीती वाटते. बँकेतला बाबू सांभाळून बोलतो, कारण त्याला माझा संशय येतो. आणि तू सांभाळून बोलतेस, कारण तुला माझी दया येते. माझ्याशी पहिल्यासारखं बोलणारं या शहरात कुणी उरलेलं नाही. मी काय इतका मोडलो आहे, की तुझा एक प्रश्न मला पेलणार नाही?

 लालाजींच्या घरी त्या जास्त बोलल्या म्हणून चुकल्या होत्या, आणि इथं गप्प राहून चुकल्या होत्या. पद्मिनीबाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि म्हणाल्या की, ठीक आहे दारजी, मग सांगा. देह जसाच्या तसा परत द्यायचा म्हणता, आणि आपण तर तो जाळतो. जळताना रब डोळे कुठं वेगळे मोजून घेतो? राखेत त्याला काय जसंच्या तसं मिळतं?

दारजी सरळ होऊन बसले. त्यांनी बीजींकडे बघितलं. बीजी मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या की, याचं उत्तर द्या आता. दारजींनी त्या दिवशी दिलेलं उत्तर फारसं चांगलं नव्हतं आणि ते त्यांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं उत्तर घेऊन आले. देणं हे देणाऱ्याच्या मनात असतं, घेणाऱ्याच्या हातात काय पडतं यात नसतं, असं काहीसं. पद्मिनीबाई म्हणाल्या की, हेच तर मी लोकांच्या घरी जाऊन सांगते. दारजी म्हणाले की, तू माझं वाक्य चोरू नकोस. खाली माईंना हसण्याचा आवाज ऐकू गेला.

माई सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात गेल्या, दुपारी, झोपेत. त्यांनी कधी फॉर्म भरला नाही. पद्मिनीबाईंनी त्यांच्यापुढं कधी धरलाही नव्हता. एकदा त्या दोघी बोलल्या होत्या आणि माईंनी शांतपणे सांगितलं होतं की, मला माझे दोन्ही राहू देत, तिकडं रघूला शोधायचं आहे. पद्मिनीबाईंनी त्यांना सांगितलं होतं की, मला ते खरं वाटत नाही. माई म्हणाल्या होत्या, माहीत आहे. म्हणून त्या दिवशी इस्पितळात फोन झाला नाही. डॉक्टर भल्लांना नंतर कळलं तेव्हा त्यांनी नवल केलं की, आख्ख्या शहराकडे मागणाऱ्या बाईनं घरातले डोळे जाऊ दिले. पद्मिनीबाई म्हणाल्या, "मी मागते, डॉक्टर. मागितल्यावर 'नाही' ऐकायची तयारी नसेल तर ते मागणं कसलं?"

त्यानंतरची पाच वर्षं त्यांनी हेच काम केलं. ती गोळ्यांची आणि बॉम्बची वर्षं होती. कधी हिंदू घर असे, कधी शीख, कधी पोलिसाचं. कधी असंही घर असे, की मारणाऱ्यांच्या नावानं आत शिव्या चालल्या आहेत आणि एखादा काका विचारतो आहे की, हे डोळे उद्या 'त्यांच्यातल्या' कुणाला बसवणार नाही ना? पद्मिनीबाई सांगत की, बसवूही. ज्याचा नंबर असेल त्याला बसवू. तुमच्या घरात जे झालं ते त्या माणसानं केलेलं नाही. काही घरं तिथंच नाही म्हणत. त्या उठत, नमस्कार करत आणि तेराव्याला पुन्हा जाऊन बसत, आता मागायचं काहीच उरलेलं नसताना. त्या घरांतलीच माणसं पुढं कधी कधी स्वतःहून इस्पितळात येत, शेजाऱ्याचं किंवा मेहुण्याचं कळवायला.

ब्याण्णव साली डोकं बरंच पांढरं झालं होतं. मंजिरीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती आणि आईला तिकडं बोलावत होती, आता मराठीतून, नवऱ्याच्या घरात शिकलेल्या. पद्मिनीबाई फोनवर म्हणाल्या की, येईन, पण इथं माझं एक काम अडकलं आहे. दारजी तेव्हा ऐंशीला टेकले होते. त्यांना जिना चढवत नसे, म्हणून वाद आता खालच्या ओसरीत चाले. त्या दिवशी सकाळीच दारजींनी नवा मुद्दा काढला होता आणि पद्मिनीबाईंना त्यावर काही सुचलं नव्हतं. त्या फोन ठेवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दारजी, उत्तर सापडलं. दारजींनी कानामागं हात धरला आणि बीजींना सांगितलं, चहा ठेव, वेळ लागणार आहे.